मामांच्या चौकटीचे ठिपके

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (प्रिंटरची वायर शोधताना टेबलाखाली आत्ताच घडला, तोच आपल्या चरणी रुजू करून घ्यावा.) मामींच्या गुडघ्याची आणि तुमच्या तब्येतीची खुशाली कळवावी. तुमच्या तब्येतीची विशेष, कारण सरकारी कागदावर ती सध्या फारच बेताची आहे. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळावरून तुमच्यात आणि आईत अबोला झाला त्याला सात वर्षं झाली. मोठ्यांच्या भांडणात भाच्याने तोंड घालू नये म्हणून मी गप्प होतो. पण आता तुमच्या जिवावरच बेतलं आहे, तेव्हा बसून वाचा.

आजोबांचं घर वारसांच्या नावावर करायचं म्हणून वकिलांनी घराण्याचा तक्ता मागितला. घरात कम्प्युटरचं काहीही निघालं की माझ्या गळ्यात पडतं, तसं हेही पडलं. मी एक प्रोग्रॅम शोधून काढला. त्यात अमक्याचा मुलगा तमका एवढंच लिहायचं, की तो आपणहून चौकटी आखतो, बाण काढतो आणि सगळं खानदान शिस्तीत उभं करतो (जे आजोबांना हयातभर जमलं नाही). जिवंत माणसाला सरळ रेघेची चौकट, गेलेल्याला ठिपक्यांची. वकिलांनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. आता वर्डमध्ये द्या. मला हाताने खोडता आलं पाहिजे." (खोडता येत नाही तो कागद त्यांना कागदच वाटत नाही.)

इथून माझे हाल सुरू झाले. आधी चित्र जसंच्या तसं वर्डमध्ये चिकटवलं, तर वकिलांनी टाइप केलेली अक्षरं पुढच्या पानावर जाऊन बसली. मग इंटरनेटवर एक फुकटची सोय सापडली. इकडून तक्ता टाका, तिकडून वर्ड फाइल घ्या. चौकटी सुट्या झाल्या खऱ्या, पण बाणांनी त्यांच्याशी संबंधच तोडला. चुलत आजोबांना जरा डावीकडे सरकवलं, तर ते एकटेच गेले आणि त्यांच्या तिन्ही मुलांचे बाण आईच्या अविवाहित आत्येला जाऊन भिडले. आत्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. शिवाय सगळे ठिपके उडाले आणि गेलेले सगळे जिवंत झाले. आजोबाच हयात म्हटल्यावर वारस कसले? म्हणून मी एकेकाला धरून पुन्हा हाताने ठिपके दिले. नऊ जणांना द्यायचे होते, दहा जणांना दिले गेले. दहावे तुम्ही. तुमची चौकट आजोबांना अगदी खेटून होती हो!

तो तक्ता आता कचेरीत गेला आहे आणि तिथले कारकून म्हणतात, मयताने जिवंत असल्याचं स्वतः येऊन सांगावं. तरी गुरुवारी अकरा वाजता ओळखपत्रासह यावं. मामींनाही आणा, कागदावर त्यांचं कुंकूही मीच पुसलं आहे.

आपला आज्ञाधारक (आणि हात चुकलेला) भाचा

ता. क. कारकुनाचं मी रचलं. गुरुवारी कचेरीला सुट्टीच आहे. तक्ता माझ्या टेबलावर आहे आणि तुमची चौकट सरळ करायला अर्धं मिनिट पुरेल. पण वकिलांना द्यायचा म्हणून तो आधी आईने तपासला, चष्मा लावून, एकेका चौकटीवर बोट ठेवून. मावशीच्या जन्मतारखेतली चूकसुद्धा काढली. तुमच्या चौकटीवर बोट बराच वेळ थांबलं आणि मग पुढे गेलं. मी म्हटलं, "अगं, मामांना चुकून ठिपके पडलेत." तर म्हणाली, "राहू देत. आला तर काढ."

ता. क. दुसरा. तेव्हा गुरुवारी सरळ घरीच या. ओळखपत्र नको, आई ओळखेल.