आकडा मोठ्यानं म्हणायचा

१२ जानेवारी, रविवार. मुरुड.

पुन्हा तीच एसटी, पुन्हा तेच मोडलेलं कंबरडं! हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड. घरी आलो तर वडील, आमचे दादा, बाजेवर जागेच. पोळ्याच्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात गेला अन् वाचाही गेली. मला बघून डोळे भरले. ओठ हलले. आवाज नाही. मी आपलं उगाच म्हटलं, "कळलं दादा, कळलं." काय कळलं? डोंबल कळलं!

उज्वला म्हणाली, "आले का पाहुणे?" टोमणा नव्हता — तेच वाईट. आठवडाभर दादांची अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकटी करते. मी सुट्टीपुरता नवरा आणि सुट्टीपुरता मुलगा. आता चहा घेतला की पुन्हा पिशवी उचलायची.

२० जानेवारी, सोमवार. हदगाव.

आज महादेवप्पा साहेबांना पुन्हा गाठलं. आमच्या कंपनीच्या लातूर ऑफिसात सर्वे इनचार्जची जागा निघालीय. मुरुडहून रोज जाऊन येता येईल. संध्याकाळी घरी, दादांजवळ! साहेब म्हणाले, "धम्मानंद, तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण वरचे लोक कागद बघतात. डिग्री आण, जागा तुझी. जूनअखेरपर्यंत थांबवून धरतो."

सर्वेची ऑनलाइन डिग्री धरली तेव्हा हौस होती. आयटीआयच्या कागदावर अर्धं आयुष्य रस्ते अन् कालवे मोजले, म्हटलं आता रीतसर शिकू. आता हे शेवटचं सेमिस्टर, आणि हौस पार आटली. कडू काढा घेतात तसं रोज एक लेक्चर घेतो, नाक दाबून.

३ फेब्रुवारी.

ग्रुपवरची पोरं मला अंकल म्हणतात. "अंकल, असाइनमेंट टाकली का?" टाकली बाबांनो, जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसून टाकली.

रामलिंग शेजारी भाकरी खात होता. एवढी वर्षं साइटवर आम्ही जोडीनं आहोत — मी यंत्रावर, तो वहीवर. मोबाइलमध्ये डोकावून म्हणतो, "धम्मा, हे मास्तर लई गोड बोलून राहिले बघ. मला तर झोपच आली." मलाही आली होती. पण लेव्हलिंग, म्हणजे आमचं रोजचं चढउतार मोजणं, असलं की झोप तरी परवडते. चुकांचं गणित, सॅटेलाइट, मॅट्रिक्स — हे आलं की डोकं बधिर होतं. एकच लेक्चर तीनदा ऐकतो अन् तिसऱ्यांदाही कोराच. म्हातारा झालो का मी?

२२ फेब्रुवारी.

झोप. डिग्री नको, काही नको, नुसती झोप द्या!

११ मार्च. हदगाव.

आज जरा हसू आलं. पुनम मॅडम म्हणून नवीन इंजिनिअर आल्यात साइटवर. लांबून पळत आल्या. "काका, भांडण झालं का तुमचं?" म्हटलं, कुणाचं? "तुमचं अन् रामलिंग काकांचं. दोघं एकमेकांवर ओरडून राहिलात ना!"

भांडण कुठलं. ही आमची रीतच. मी यंत्रातून आकडा वाचायचा, मोठ्यानं सांगायचा. रामलिंगनं तोच आकडा तेवढ्याच मोठ्यानं माघारी म्हणायचा, अन् मगच वहीत लिहायचा. माघारी आवाज आला नाही तर आकडा पोचलाच नाही असं धरायचं. वारा असतो, ट्रक असतात, ऐकण्यात फेर पडला की रस्ता एकीकडं अन् पूल दुसरीकडं. मॅडम म्हणाल्या, "मग घरीपण असंच बोलता का?" रामलिंग म्हणतो, "घरी आमचं कोण ऐकतंय हो!"

३० मार्च. मुरुड.

लातूरच्या डॉक्टरांकडं दादांना नेलं. "घशाला काही झालेलं नाही. मेंदूतून शब्द निघत नाहीत. बोलतं करायचा प्रयत्न करा." आता किती करायचा? उज्वला रोज म्हणते, "दादा, पाणी म्हना. म्हना की, पाणी." ते तिच्याकडं नुसते बघतात. नंतर नंतर त्यांना लाज वाटते अन् तोंड भिंतीकडं करतात. आज मी आलो तेव्हा भिंतीकडंच होते. मीही मग पिशवी ठेवून पाठ टेकली. वाईट वाटतं, पण दमलोय मी. खरंच दमलोय.

१४ एप्रिल. मुरुड.

जयंती. दादांना खुर्चीत बसवून दारात आणलं. मिरवणूक आमच्या दारी दरवर्षी थांबते, कारण पहिला "जय भीम" दादांचा. आख्ख्या गल्लीला ऐकू जायचा असा गळा! आजही थांबले सगळे. दादांनी डावा हात वर केला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग कुणीतरी मागून घोषणा दिली, बँड वाजला, पुढं गेले. मी आत जाऊन तोंड धुतलं.

काही करून लातूरला यायचंच. हे मला रविवारी रविवारी नको.

६ मे.

परीक्षेचे नियम आले. पेपर घरूनच. कॅमेरा सुरू, माइक सुरू. खोलीत एकटं बसायचं, दार लावायचं, इकडं तिकडं बघायचं नाही. रामलिंग म्हणतो, "वही धरायला येऊ का?" म्हटलं, तू आलास की दोघंही नापास.

१८ मे, रविवार. मुरुड.

झाला! सुटलो! शेवटचा पेपर.

बाहेरच्या खोलीत बसलो. दादांची बाज मधल्या खोलीत, दार लावलेलं. उज्वला गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती, पोरांना हाकलत — "तिकडं खेळा रे, आमच्याकडं पेपर हाय!" जणू दहावीचं पोरगं बसलंय घरात.

मॅट्रिक्सनं घाम फोडला. पण मग लेव्हलचं मोठं कोष्टक आलं अन् माझी गाडी लागली रस्त्याला. आकडे बघितले की साइटवरच उभा असल्यासारखं वाटलं. पंखा घरघरत होता, तोही ऐकू येईना. पेपर संपला तेव्हा उज्वलानं चहा आणला. म्हणाली, "झालं न्हवं? आता या घरी." लई दिवसांनी बरं वाटलं.

२७ मे. हदगाव.

निकाल रोखला. "परीक्षेच्या वेळी मोठ्याने बोलणे व दुसऱ्या व्यक्तीचा आवाज." खुलासा द्या, नाहीतर पेपर रद्द. दुसरी व्यक्ती? कुठली व्यक्ती? अरे, कॅमेरा होता ना तुमचा! मेलेल्या मशीनला काय कळतं! जेवण गेलं नाही.

२८ मे.

रामलिंगला सांगितलं. तो आधी चिडला, मग विचारतो, "धम्मा, आकडे तोंडानं म्हनलास का रे?"

हाव. म्हटले असणार! दुसरं काय? कोष्टक दिसलं अन् मी सुरू झालो असणार खड्या आवाजात. लेव्हलची गणितं मुक्यानं करायची मला येतच नाहीत. हसावं का रडावं! या वयात ही चूक. कुठलंही लहान पोर करणार नाही.

१ जून, रविवार. मुरुड.

खुलासा लिहिला. सरळ लिहिलं — आकडे मोठ्यानं म्हणायची आमच्या कामातली सवय आहे, ती जात नाही. मला ती वडलांकडून आली. दादा जन्मभर कालव्याच्या मोजणीवर चेनमन होते. साहेबांनी आकडा सांगायचा, दादांनी साखळीच्या टोकावरून तो माघारी म्हणायचा. घरीही तेच. आईनं "दोन किलो ज्वारी आणा" म्हटलं की हे दारातूनच ओरडायचे, "दोन किलो ज्वारी!" आई कपाळाला हात लावायची.

हे ज्वारीचं मात्र खुलाशात लिहिलं नाही.

७ जून. हदगाव.

परीक्षा विभागातून फोन. बाई बोलायला चांगल्या होत्या. "सर, स्वतःशी बोललात तर समिती समजून घेते. पण रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज आहे." म्हटलं, नाहीच! लिहून देतो! माझाच घुमला असेल. "सुनावणीत ऐकवतील, सर."

महादेवप्पा साहेबांचा निरोप: जूनच्या पुढं जागा धरता येणार नाही. उज्वलाला फोन केला तर म्हणाली, "खरं हाय ते बोला. मी गल्लीत होते. घरात कोनीच न्हवतं." तेच बोलणार. ठणकावून बोलणार. माझं घरी येणं कुणाच्या तरी भासावर अडू देणार नाही.

१३ जून. मुरुड.

सुनावणी. मोबाइलवर समितीची तिघं. मी ठणकावून सांगितलं, घरात बोलणारं कुणीच नव्हतं. मग त्यांनी आवाज लावला. आधी मी — "एक, चार, दोन, पाच." मागून, दाराआडून, जड जिभेनं — "एक, चार, दोन, पाच." मी पुढचा आकडा म्हणतो, तोही माघारी येतो. प्रत्येक आकडा.

दादा!

मला त्या दिवशी कळलंसुद्धा नाही. जन्मभर कुणीतरी आकडा माघारी म्हणतच आलंय, कान कशाला टवकारतील?

समितीतल्या मॅडम म्हणाल्या, "दुसरा आवाज आहे, मान्य?" मान्य, म्हटलं. "पेपर रद्द होईल, सर." होऊ द्या, म्हटलं. फक्त ते पुन्हा एकदा लावा मॅडम, घरात सगळ्यांना बोलावतो.