हाताने पाहायचं कापड

ता. ९ जून

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

पुडकं आधी उघडू नकोस, पत्र ऐक. वहिनी, वाचताना घाई करू नका.

आमच्या भरतकाम मंडळाला अंधशाळेने काम दिलंय. त्यांच्या व्हरांड्याच्या लांब भिंतीसाठी मोठं कापड हवंय, मुलांनी हात फिरवून पाहायचं. त्यावर तळं, काठाला झाडं, पाणी प्यायला आलेली शेळी. वाचनालयाच्या माडीवर जमून आम्ही सगळ्यांनी त्यात जीव ओतला. रंग असे जुळले की बघत राहावं. परवा पहिली कार्यशाळा झाली. शाळेच्या मुली आल्या, कापड टेबलावर पसरलं. एकीने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि फार नम्रपणे म्हणाली की चादर छान मऊ आहे. आमची तोंडं अशी उतरली की विचारू नकोस.

पुडक्यात त्याच चित्रांचे, भरतकाम केलेले नमुन्याचे तुकडे आहेत. कुठला कशाचा ते बोटांनी ओळखून सांग. तुझी नजर गेली, बोटं गेलेली नाहीत. आयुष्यभर घड्याळांच्या पोटात वावरलेली ती बोटं दुकान बंद झाल्यापासून खुर्चीच्या हातावर नुसती पडून असतात, ते मला बघवत नाही. माझी भीड धरू नकोस. लहानपणी कधी धरली नाहीस.

रागावलास तरी लोभ राहू दे.
तुझी ताई

ता. १८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर हिचं, राग माझा. मला गुंतवायला काम काढलंस हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. पुडकं कपाटावर टाकून दिलं होतं. मग हिने ते मुद्दाम माझ्या मांडीवर ठेवलं आणि भाजी आणायला निघून गेली.

आता निकाल ऐक. पाणी आणि आभाळ एकच, दोन्हींवरून बोट सारखंच घसरतं. झाड म्हणजे उशी. शेळी मला स्टूल वाटली, चार पाय सापडले म्हणून. साखळी टाक्याचा काठ तेवढा आवडला, त्यावरून बोट वाट चुकत नाही. प्रत्येक वस्तूला आधी तो काठ द्या. दोन वस्तूंमध्ये बोटभर नुसतं कापड सोडा. घड्याळात दोन चाकं एकमेकांना घासली की घड्याळ बंद पडतं, इथेही तेच. तुम्हा लोकांना रिकामी जागा दिसली की भरायची भारी खाज. पाण्याचे टाके लांब, आडवे घाला. झाडाच्या सालीला गाठीचे टाके आणि शेळीच्या अंगाला लोकरीचा धागा.

चुकलं असेल तर धाकटा म्हणून सोडून दे. लोभ नेहमीसारखाच, थोडा भांडकुदळ.
बाळ

(वन्सं, हे त्यांना वाचून दाखवणार नाही. सांगता सांगता दोनतीनदा खुर्चीतून उठले. ‘स्टूल’ म्हणताना स्वतःच हसले. ते हसणं मी विसरले होते. आणखी तुकडे पाठवा. वाईट भरलेले असले तर फारच बरं.)

ता. २ जुलै

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंडळात वाचलं आणि आगडोंब उसळला. झाडं भरली होती आमच्यातल्या कॅशियरबाईंनी. बँकेत नोटा मोजायच्या तशी त्यांनी पानं मोजून भरली होती. हा घड्याळजी कोण लागून गेला, असं त्यांनी विचारलं. मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि तू परत पाठवलेले तुकडे हातात दिले. कॅशियरबाईंनी स्वतःचंच झाड बराच वेळ चाचपलं आणि गादी म्हणाल्या.  डोळे उघडल्यावर त्याच आधी हसत सुटल्या. त्यांनीच कात्री घेतली आणि उसवायला बसल्या. एवढं काम उसवताना एकीनेही कुरकुर केली नाही. मंडळाची प्रमुख म्हणून त्या दिवशी माझी मान जितकी ताठ झाली तितकी कुठल्या बक्षिसाने झाली नव्हती.

आता सगळ्यांचं म्हणणं की पुढच्या कार्यशाळा तू घ्यायच्यास. ये. सोबत नवी शेळी पाठवतेय.

लोभ आहेच, तो घेऊन ये.
ताई

ता. ११ जुलै

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

पत्र ऐकून त्यांनी साफ नाही म्हटलं. बायकोचा दंड धरून चालणारा माणूस बघायला लोकांना आयतं निमित्त नको, म्हणाले. मी आग्रह धरला नाही, धरला की आणखी हट्टाला पेटतात. पण शेळी काही हातातून सुटेना. जेवतानासुद्धा मांडीवर! आज सकाळी एकदम कडाडले की हिचा मागचा गुडघा उलटा वळलाय, अशी शेळी दोन पावलंही चालायची नाही. हे पत्रात लिहून कळायचं नाही, हात धरून दाखवावं लागेल, बॅग भर.

रविवारी येतोय. मला दवाखान्यात रजा नाही, म्हणून त्यांना सोडून मी लगेच परत फिरेन. चहात साखर मागतील, देऊ नका.

तुमचा लोभ आहे म्हणून हे घडतंय, तो असाच असू द्या.
तुमची वहिनी

ता. ३० ऑगस्ट

सौ. वहिनींस,
अनेक आशीर्वाद.

काल कापड भिंतीवर चढलं. बाळने आम्हाला किती छळलं म्हणून सांगू! दर शनिवारी डोळ्यांना रुमाल बांधून टाके घालायला लावायचा. शेळीचा गुडघा पुन्हापुन्हा उसवला. कॅशियरबाई तर त्याने मान हलवल्याशिवाय दोरा तोडायच्या नाहीत.

मुलांना रांगेने आणलं होतं. शेळीपाशी रांग तुंबली ती तुंबलीच. एकाला शिंगं सापडली, तो ओरडला. मग प्रत्येकाला शिंगं हवी. मुख्याध्यापिका पुढे चला म्हणून दमल्या. पाहुण्यांपैकी एकजण मला बाजूला घेऊन, बाळकडे बघत हळूच विचारत होते की बिचाऱ्यांची दृष्टी कधी गेली. मी तोंड उघडायच्या आत कॅशियरबाई कडक आवाजात म्हणाल्या, ते बिचारे नाहीत, ते आमचे तपासनीस आहेत.

तेवढ्यात बाळ मुलांना सांगताना ऐकू आला की पाण्यात एक मासा दडलाय, शोधा. मी चमकले. आम्ही मासा भरलाच नव्हता. मुलांच्या मागून मीही डोळे मिटून हात फिरवला. लांब आडव्या टाक्यांखाली खरंच होता, जाड शेपटीचा, जरासा वाकडा. कुणी भरला म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला की सुईत दोरा कॅशियरबाईंनी ओवून दिला, बाकी सगळं मी.

वहिनी, व्हरांडाभर लोक होते, तरी मी त्याला लहानपणी धरायची तशी पोटाशी धरला.

तुमच्यावर लोभ होताच, आता तो अंमळ जास्तच झालाय.
तुमची वन्सं