टर्बोवरचं कुंकू

बोईसर, दिवाळीआधीचा शुक्रवार, १९९३

दसऱ्यापासून ऑफिसचा कॉम्प्युटर रेंगाळतोय आणि साहेब मलाच ऐकवतायत, "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम जड आहे. आधी तो पळवा, मग टेप ड्राइव्ह मागा." रेकॉर्डची प्रत साठवायचा तो ड्राइव्ह मी चैनीसाठी मागत नव्हते. इथल्या दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरते आणि कारखान्याचं सगळं रेकॉर्ड त्यांच्यावरच आहे.

आज कॅबिनेट पुसताना वेग वाढवायच्या टर्बो बटणावर कुंकवाचं बोट दिसलं. वेगाचा दिवा बंद. म्हणजे दसऱ्याच्या पूजेला साहेबांनी चालू मशीनला टिळा लावला, तो नेमका त्या बटणावर, आणि ते दाबलं जाऊन वेग उतरला! आणि मी चांगला चाललेला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा उसवत बसले. बटण दाबलं, तर रिपोर्ट झरझर आला.

आमचे हिशेबनीस, पाम गावचे पाटीलकाका हसले, "पोरी, मशीन सोवळ्यात बसली व्हती ती!" मला हसू आलं नाही. साहेबांना कुंकू दाखवलं, तर म्हणाले,

"बघा, वेग आहे की मशीनला! मग ड्राइव्ह कशाला?"

वेगाचा आणि साठवणीचा काय संबंध? हे मी त्यांच्या तोंडावर का नाही बोलले?

कुंकू पुसलेलं नाही. सोमवारी त्याच्याशेजारी बुरशी धरलेली फ्लॉपी ठेवणार आणि साहेबांनाच म्हणणार, उघडा यातलं रेकॉर्ड.