लाईट नव्हती तरी

६ एप्रिल
मिक्सर पुन्हा उघडला कार्टीने! ओट्यावर स्क्रू, वायरी, काळी पूड. मला शेंगांची चटणी करायची होती. एवढी ओरडले की शेजारची माणसं दारात आली. उत्कर्षा शांतपणे म्हणते, प्लग काढलाय मम्मी, वायर तरी बघ. मी बघितली नाही. मला वायरीकडे बघवतच नाही. घरातलं साधं बटण दाबायचं तर बोटाला पदर गुंडाळते — सोमेश, हिचे पप्पा, गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं. पंधरा वर्षांची पोर हसते त्याला. हसू दे.

मिक्सर मात्र संध्याकाळी चालू झाला.

१० एप्रिल
नवं खूळ. परीक्षा संपली की अक्कम्माच्या दुकानात शिकायला बसणार म्हणे. अक्कम्मा गल्लीच्या तोंडाशी मोटारी आणि पंखे दुरुस्त करते. विणकर घरातली, घरात तेलुगू बोलतात. साठी ओलांडली, पण परवा चष्मा कपाळावर सरकवून सोलरच्या पंपाचा व्हिडिओ बघत होती. अजून शिकतेय! गल्लीतलं काही भंगारात जाऊ देत नाही. उघडून बघितल्याशिवाय टाकायचं नाही, हा तिचा नियम, आणि आता माझ्या पोरीचाही.

मी नाही म्हटलं. का? नाही म्हणजे नाही.

१३ एप्रिल, रविवार
उपवास. बिरुदेवाला भंडारा वाहिला. हात जोडून वळते तर उत्कर्षा मागे उभी.

"मम्मी, लाईट नव्हती, तर पप्पांना शॉक कसा लागला?"

हातातला तांब्याच पडला. सोमेश गावी, वळसंगला, विहिरीवर मोटारीची तुटलेली वायर जोडत होते. लाईट गेली होती म्हणूनच हात घातला. तरी गेले. हे मी कधी कुणाला विचारलं नाही, कारण सासूबाईंनी उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं — देवाचा कोप. त्या वर्षी नवसाचं बकरं राहिलं होतं. माझ्या भावाचं लग्न होतं मोहोळला, मीच म्हटलं होतं पुढच्या वर्षी करू. म्हणजे माझ्यामुळे. सासूबाई जाईपर्यंत तेच बोलत राहिल्या. तेव्हापासून माझे रविवारचे उपवास.

हे पोरीला कसं सांगू? देवाच्या गोष्टी विचारायच्या नसतात म्हटलं. तर म्हणाली, मी देवाची नाही, वायरची गोष्ट विचारतेय.

एक ठेवून दिली.

१४ एप्रिल
बोलत नाही माझ्याशी.

२२ एप्रिल
तिच्या पिशवीत टेस्टर सापडला. म्हणजे चोरून जाते! ज्वारीच्या डब्यात खोल खुपसून ठेवला. दिवसभर कामावर टॉवेलला शिलाई मारताना एकच डोळ्यांपुढे — विहीर, आणि ती.

संध्याकाळी अक्कम्मा घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, तू पोरीला अडवलंस तर ती लपून उघडणार, आणि लपून उघडणाऱ्याला घाई असते. माझ्यासमोर शिकू दे. मला पटतं. पण भीती माझं ऐकत नाही. दुसऱ्या वाटा मोकळ्या असताना मी तिला बापाचीच वाट दाखवू काय? नाही जमणार.

३ मे
वळसंगला आलोय. सासऱ्यांना, मामांना, बरं नव्हतं. उत्कर्षाला बजावलंय, विहिरीकडे फिरकायचं नाही. मान हलवली. तिची मान मला ओळखीची आहे.

४ मे, रविवार
 

सकाळी लाईट गेली. मी भाकऱ्या थापत होते. मोटारीची वायर सोललीय, ती गुंडाळायला मामा विहिरीवर गेलेत, असं शेजारीण सांगत आली — आणि पोरगीबी संगं हाय. तवा तसाच सोडून पळाले. अनवाणी, ढेकळांतून. त्या दिवशीही मी याच बांधावरून पळाले होते.

जाऊन बघते तर मामा वायरीपुढे उकिडवे बसलेले, आणि उत्कर्षानं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं.

"आजोबा, हात नका घालू. स्टार्टर ऑटोवर आहे."

"मग? समद्यांचा ऑटोवरच असतोय की," मामा म्हणाले. "लाईट कवा यील सांगता येत न्हाय. आली की मोटार आपली आपण चालू व्हती. रानात रातध्याड कोण बसून ऱ्हाणार?"

मी तिला ओढायला पुढे झाले, तेवढ्यात स्टार्टरच्या पेटीत खट्ट झालं. लाईट आली होती. विहिरीत मोटार घरघरायला लागली. कुणीच पेटीजवळ नव्हतं, कुणी बटण दाबलं नव्हतं! मामांचा हात वायरीपासून वीतभर लांब होता.

उत्कर्षानंच मग मेन स्विच पाडला. वाळक्या काठीनं, लांबून. घरघर थांबली. मग तिनं हळूच विचारलं, "त्या दिवशी पण ऑटोवर होता?"

मामा बांधावर बसले. पटका काढून मांडीवर घेतला. 

"व्हय. मीच टाकला हुता. सोमेशला ठावं नव्हतं."

आणि देवाचा कोप? ते मी विचारलं. 

"तुज्या सासूला माजं नाव घेववंना. तिनं देवाचं घेतलं. मी गप बसलो," मामा म्हणाले. "समदं तुज्यावर पडलं, पोरी."

नऊ वर्षं! मला ओरडायचं होतं. रडूच आलं नुसतं. आणि मग सगळ्यात वाईट भीती वाटली, आजवरच्या सगळ्या भीतीहून मोठी — तो कोप नव्हता, एक बटण होतं. या शिवारात विहिरीगणिक ते बटण आहे, आणि लाईट गेली की माणसं बिनघोर वायरीला हात घालतात.

५ मे
एसटीत उत्कर्षाला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, अक्कम्मा पहिल्याच दिवशी हेच सांगते. लाईट गेली म्हणजे वायर मेली असं धरायचं नाही, आधी तपासायचं. टेस्टर कुठंय ते मात्र तिनं विचारलं नाही.

८ मे
मामांचा फोन. वायर तशीच ठेवलीय, मेन स्विच पाडूनच. ऑटो काढून टाकायचाय, पण हात लावायचं धाडस होत नाही म्हणाले. कुणाला सांगू, असं विचारत होते. मी म्हटलं, तुम्ही नका लावू हात, कुणाला लावूही देऊ नका. माझ्यावर रागावलीस का, असंही त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. 

१० मे
झोप नाही. सारखं ते खट्ट कानात.

११ मे, रविवार
सकाळी भाकरी-चटणी खाल्ली, पोटभर. ज्वारीच्या डब्यातून टेस्टर काढला. उत्कर्षानं हात पुढे केला, दिला नाही. पदर बोटाला न गुंडाळता टेस्टर मुठीत धरून मीच अक्कम्माच्या दुकानात गेले. म्हटलं, मला शिकवा. वळसंगचं ते बटण मला काढायचंय.