दुसरी वेलांटी

२ जून
लागली! नोकरी लागली! बेकरीत, केकवर नावं लिहायची. मालकीणकाकूंनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, बारावी. एम.ए.चा निकाल यायचाय, हे गिळून टाकलं. काय करू — "शिकलेली पोरं टिकत नाहीत, चार दिवसांत पळतात," असं त्या आधीच बोलून बसल्या होत्या. बी.ए.ची पदवी दाखवत महिनोन्‌महिने हिंडले, लपवली तर पहिल्याच दारात काम! मला खरंच खूप मजा वाटतेय.
बाबांना बेकरी सांगितली, बारावी नाही. "तोपर्यंत ठीक आहे," म्हणाले. तोपर्यंत म्हणजे मी कॉलेजात शिकवायला लागेपर्यंत.

४ जून
क्रीमचा कोन हातात आला की मी गुणगुणायलाच लागते. भट्टीवाला दादा म्हणतो, "बाई, हळू. केक आहे, भिंत नाही."

९ जून
घात झाला! काकूंच्या चिठ्ठीवर "आजीचे आशिर्वाद", आणि केकवर माझ्या हाताने आपली दुसरी वेलांटी काढली. काकूंनी चष्मा वर केला. "बारावीला एवढं शिकवतात?" म्हटलं, आमच्या बाई फार कडक होत्या. हसू आवरेना.

१३ जून
निकाल लागला, पहिला वर्ग! दुकानात सांगायची सोय नाही. पिठाच्या पोत्यांमागे जाऊन एकटीच नाचले.

१४ जून
काकूंनी फोनवर घेतलेली ऑर्डर पुढ्यात ठेवली — "आमची चिमी एम.ए. झाली. भावि प्राध्यापिका." चिमी म्हणजे मीच! बाबांचा कारभार. तरी "भावी" बरोबर लिहिलं. क्रीम ओलं आहे तोवर बाबा दारात हजर — "चिमे, सगळ्यांना वाट!"
काकूंनी केककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं ओकून टाकलं. "म्हणजे तू जाणार," एवढंच म्हणाल्या. नाही काकू, शप्पथ. त्यांनी केक कापला, "प्राध्यापिका" लिहिलेला तुकडा बाबांना दिला. "उद्या वेळेवर ये," मला म्हणाल्या. बाबा रस्ताभर हवेत होते. माझी पोरगी, माझी पोरगी — जो भेटेल त्याला. मीही हवेत, पण वेगळ्या कारणाने.

१९ जून
सकाळी कॉलेजातून फोन. सोमवारपासून शिकवायला येता का? नको म्हटलं, दोन शब्दांत. बाबा आतून आले. "कुणाचा गं?"
राँग नंबर, मी म्हणाले.