शेठच्या नाकाचा मोर्चा

३ एप्रिल १९७९. सकाळी.
आजपासून दामजी शेठच्या दुकानाची पायरी चढायची नाय. पक्कं. जव्हारात सगळ्यात मोठं दुकान त्याचं, पण आमची नाचणी-वरई घेताना अजून जुनी लाकडी पायली, तीही मोठ्या पोटाची. आम्हाला तांदूळ विकताना दुसरी, बारक्या पोटाची. सरकारी शिक्क्याचा काटा ठेव म्हटलं तर म्हणतो, जिजाकाकी, या पायलीला माझ्या बापाचा हात लागलाय. म्हटलं, हात नाय, पोट लागलंय. दुकानातली सगळी हसली. तोही हसला. घाबरला असणार.

३ एप्रिल. दुपारी.
मोर्चा काढायचा. अखातीच्या सणाआधी. लीडर मी, कारण आमच्या आळीत चौथी पास मीच. शेजारच्या रामीला शब्द दिला, तुझी वरई शिक्क्याच्या काट्यावरच विकली जाईल. दोन गोण्या आहेत, त्यावर पोरीचं लग्न. ती म्हणाली, लग्न अखातीला आहे, तुझ्या मोर्चासाठी नवरदेव थांबणार नाय. म्हटलं, शेठ आठ दिवसांत पाया पडतो की नाय बघ.
पायरी एकदा चढले. मीठ संपलं होतं. मीठ धरायचं नाय.

६ एप्रिल.
डोकं माझं लय चालतं. बोहाड्यात आपण देव-राक्षसांचे मुखवटे नाचवतो, मंग मोर्चात शेठचाच का नको? आमचे हे जन्मभर मुखवटेच करायचे. माती, कागद, खळ, सगळं मला माहीत. नाक वीतभर केलं. तंबाखूचा गाल फुगवला. युसुफभाई शिंप्याने काळ्या लोकरीच्या मिशा शिवून दिल्या. म्हणाला, काकी, याच्यापुढे खरा शेठ किरकोळ वाटतो.
रद्दी आणि रंग शेठकडूनच आणले. दुसरीकडे मिळत नाय. त्याच्याच मालाने त्याला हाणायचं.

१० एप्रिल.
शेठ घरी आला. मुखवटा झटकन पदराखाली घेतला, मिशी बाहेर राहिली. त्याने काढून घेतला, तोंडावर लावला, आरशात बघत बसला. मंग म्हणाला, असे सोळा कर, मोर्चाला लोकांना लागतील, मी दुकानात ठेवतो. मी विचार केला, जितके मुखवटे जास्त तितकी त्याची बेअब्रू जास्त. हो म्हटलं. मजुरी तांदळात. बारक्याच पायलीने, पण या वेळी वर थोडी रास ठेवली. वाकायला लागला.

१७ एप्रिल.
सोळाच्या सोळा खपले. पार सूर्यमाळवरून पब्लिक येतं. मुंबईच्या मोठ्या दुकानवाल्याने एक बघितला. तिकडे काचेत लावणार म्हणे, खाली पाटी, 'गरिबांच्या क्रांतीचा मुखवटा'. पन्नासची ऑर्डर. युसुफभाईने विचारलं, काकी, हा मोर्चा शेठच्या विरुद्ध आहे की शेठकडून? शिंप्याला राजकारण काय कळणार.
रामीने विचारलं, काटा कधी. म्हटलं, वाटेत आहे.

२५ एप्रिल. मोर्चा झाला.
चाळीस माणसं, त्यात सोळा शेठ. घोषणा माझी होती, 'पायली मोडा, काटा जोडा'. पण तोंडावर मुखवटा असला की आवाज नाकातच राहतो. आणि आळीत घोळ झाला. आमच्यात मुखवटा दारात आला की ओवाळायचं, मंग तो देव असो की राक्षस. म्हातारी हौशी ताट घेऊन बाहेर आली. तिचं बघून सगळ्या आल्या. सोळा शेठांना कुंकू, सोळा नारळ. नारळ कमी पडले, ते आणायला पोरी शेठच्या दुकानात पळाल्या. मोर्चा पोचला तर खरा शेठ पायरीवर उभा. हौशीने त्यालाही ओवाळलं. माझेही हात जोडले गेले. ते सवयीने, मनाने नाय.
मोर्चा एकदम सक्सेस. काट्याचं बोलायचं राहिलं.

२७ एप्रिल. सकाळी.
काटा आला. सरकारी शिक्क्याचा, नवा कोरा. जिंकलो. आळीभर सांगून आले. रामीला म्हटलं, उचल गोण्या.

२७ एप्रिल. संध्याकाळी.
काटा मुंबईच्या पार्सलासाठी आहे. ट्रकवाल्याला वजन लागतं. शेठ म्हणाला, काकी, मुखवटे काट्यावर, वरई पायलीवर. अखाती परवावर आली, रामी थांबली नाय. पायली भरत होती तेव्हा मी काट्याकडे बघत होते, रामी माझ्याकडे. पोरीला दोन लुगडी घ्यायची ठरली होती. एक आलं.
वाटेत ती एवढंच म्हणाली, जिजा, नाक मात्र हुबेहूब काढलंस.

२८ एप्रिल.
शेठचा निरोप आलाय. आणखी शंभर पाहिजेत, नाक अजून लांब कर, मुंबईला आवडतं. करणार नाय. पक्कं. चुलीवर खळ ठेवली आहे, ती रामीच्या मांडवात पताका चिकटवायला. उरली तर बघू.
भांडं जरा मोठंच घेतलं गेलं.