दुसऱ्या भागातली बहीण

मंगळवार, १४ ऑगस्ट

ती. ताईस,

तुझ्या तडतड्याचा नमस्कार. भाऊजींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, कपाटं एकट्याने सरकवू नका, मेव्हणा जिवंत आहे. मी ठीक. जेवतो वेळेवर, आणि या आठवड्यात कुणाशी भांडलेलो नाही. मालकांशी भांडलो, पण ते कामातलं.

माझ्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती खपल्या. प्रकाशनाच्या गोदामात गठ्ठे मीच बांधतो, तेव्हा ही बातमी आधी माझ्या कमरेला कळली. मालकांनी वर बोलावलं. म्हणाले, "मालिका करू. नायक तोच, नायिका दर भागात नवी. वाचकाला बदल लागतो."

"माझा नायक तसला नाही."

"मग कर तसला. लिहितोस तूच ना त्याला?"

दार आपटून बाहेर पडलो. जेवणाचा डबा आतच राहिला, म्हणून परत जावं लागलं. मालकांनी मान वर न करता विचारलं, "झाला विचार?"

शनिवारपर्यंत सांगायचं आहे. लिहिली तर गोदाम सुटेल आणि मला वर टेबल मिळेल. नाही तर मालिका दुसऱ्या कुणाकडे आणि मी पुन्हा सुतळीकडे. कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस, एक गोष्ट तरी शेवटाला ने. आता नेली, तर हे म्हणतात, वाढव.

तू म्हणशील, नायिका बदलायला तुझं काय जातं? कागदावरची तर आहे.

पूर्ण कागदावरची नाही, ताई. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथे देवघेवीला एक मुलगी बसते. शिक्का मारायच्या आधी त्याच्यावर हळूच फुंकर घालते, गरम चहावर घालावी तशी. चष्मा डोक्यावर ठेवते आणि टेबलभर शोधते. हे सगळं मी नायिकेला देऊन टाकलंय. आता तिच्या जागी दुसरी कुठून आणू? आणि का आणू?

काल धीर करून तिला विचारलं, पुस्तक कसं वाटलं.

"बरं आहे. पण तुमची नायिका भलतीच मंद आहे हो. दोनशे पानं खिडकीत उभी. तिला काही कामधंदा नाही?"

हे बोलताना चष्मा डोक्यावरच होता.

"पुढचा भाग लिहिणार असाल तर नायकाच्या बहिणीवर लिहा," ती म्हणाली. "चोर तिनेच पकडला. नायक नुसता धावला. इथे येणारे सगळे तिचंच विचारतात."

आता सांगायलाच हवं. ती बहीण तू आहेस. तुझं "गाढवा, आधी श्वास घे" सुद्धा जसंच्या तसं आहे. तू पुस्तक अजून उघडलं नसशील, या आशेवर आजवर गप्प होतो. चाळिसाव्या पानावर तू हातोडी घेऊन येतेस. भाऊजी पुस्तकात नाहीत, त्यांना वाईट वाटू देऊ नकोस.

आज मालकांना विचारलं, बहिणीवर लिहिली तर चालेल का? दर भागात चोर नवा, बहीण तीच. त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात काही आकडे मांडले. मग म्हणाले, "चालेल. तिला विचारलंस?" म्हणजे त्यांनी तुला ओळखलं होतं. एकटी वाचनालयवालीच स्वतःला ओळखत नाही.

तिला म्हटलं, ही बहीण खरी आहे. तिचा विश्वास बसेना. म्हणाली, "मग आणा की एकदा."

म्हणून शनिवारी सकाळी ये. मालकांना हो म्हणण्याआधी तुझं हो मला हवं. नको म्हणालीस तर सुतळी बरी, तुला न विचारता पुन्हा लिहिणार नाही. आणि हो म्हणालीस तर आपण वाचनालयात जाऊ. ती तुलाच भेटायला उत्सुक आहे, मला नाही. तिला मी अजून काही बोललेलो नाही. तू शेजारी उभी असलीस तर बोलेन. श्वास घेऊन बोलेन.

तुझ्या पाठीमागे उभा राहून धिटाई करणारा,
तुझा धाकटा